ब्लॉक ७० टक्के दिसतोय: फिल्म बघून ठरवायचं की वायर टाकून प्रेशर मोजायचं?

अँजिओग्राफी झालीये, रिपोर्टवर ६०-७० असा काहीतरी आकडा आलाय आणि स्टेंट टाकायचा की गोळ्यांवर राहायचं यात तुम्ही अडकलायत, असं असेल तर पुढचं वाचा. हार्ट अटॅक चालू असतानाच ज्यांना कॅथलॅबमध्ये नेलं त्यांच्यासाठी हे नाही, तिथे बंद पडलेली आर्टरी समोर दिसते आणि ती उघडायची, मोजत बसायला वेळ नसतो आणि त्या घडीला त्या आर्टरीचं रिडिंगही धड येत नाही कारण खालचा स्नायूच मार खाऊन बसलेला असतो. मी बोलतोय ते मधल्या लोकांबद्दल, म्हणजे माझ्यासारख्या, ज्यांना जिना चढताना छातीत भरून येतं पण बाकी सगळं चाललेलं असतं. आणि हो, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे हे त्या मापानेच घ्या.

आधी फिल्मबद्दल, म्हणजे अँजिओत दिसणाऱ्या चित्राबद्दल, कारण वायर टाकायची तरी अँजिओ लागतेच. फिल्म बघून ठरवणं फास्ट आहे, स्वस्त आहे, आणि अनुभवी माणसाच्या डोळ्याला त्यात बरंच काही कळतं जे प्रेशरला कळत नाही: ब्लॉक नेमका कुठे आहे, किती लांब आहे, वळणावर आहे का, फांदी फुटते तिथे आहे का, कॅल्शियम किती जमलंय. ९० च्या वर अरुंद असेल आणि लक्षणं जुळत असतील तर मोजायची फारशी गरजच नाही असं माझंही मत आहे.

मला वैताग आला तो टक्क्यांचा. तीच सीडी. नाशिकला मुंबई नाक्याकडच्या एका डॉक्टरांनी ७५ म्हटलं, गंगापूर रोडला दाखवली तिथे ६०, ओळखीतल्या एकांनी पुण्यात पाठवली तर तिकडून ८० धरून चला असा निरोप. मी कंपनीत क्वालिटीला आहे, आमच्याकडे एकाच पीसचं तीन जणांनी असं माप काढलं तर आधी गेज बाजूला ठेवतात. मग वाचत बसलो तर कळलं यात कोणी खोटं बोलत नाहीये, मापच तसं आहे. रुंदी निम्मी झाली म्हणजे ५० टक्के ब्लॉक, पण तेच क्षेत्रफळात मोजलं तर ७५ टक्के. रुंदीने ७०, क्षेत्रफळाने ९१. बोलताना कोण कशाचे टक्के सांगतोय ते कोणी स्पष्ट करत नाही. त्यात टक्के काढतात ते शेजारच्या चांगल्या भागाशी तुलना करून, आणि माझ्यासारखी शुगर असलेल्या माणसाची आर्टरी सगळीकडेच थोडी थोडी बारीक झालेली असेल तर तो ‘चांगला’ भाग तरी कुठला चांगला? शिवाय फिल्म म्हणजे शेवटी सावली, एका अँगलने गोल दिसतं तेच दुसऱ्या अँगलने चपटं. एवढ्या डळमळीत आकड्यावर जन्मभरासाठी धातूची जाळी आत बसवून घ्यायची आणि वर महिनोन्महिने रक्त पातळ ठेवायच्या दोन-दोन गोळ्या, हे काही मला पटेना.

दाजींचं म्हणणं उलट होतं. ‘डोळ्यांनी दिसतंय ना, मग परत वायर घालून काय मोजायचं? टाकून मोकळा हो.’ घरात बहुतेकांचं हेच मत होतं आणि खरं सांगायचं तर त्यात चुकीचं काही नाही, भीती वाटत असली की माणसाला काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं.

आता वायर, म्हणजे एफएफआर. दाजींना मी जसं समजावलं तसंच सांगतो. आमच्या निफाडच्या बागेत ड्रिपच्या सँड फिल्टरला दोन प्रेशर गेज आहेत, एक पाणी आत येतं तिथे आणि एक बाहेर पडतं तिथे. फिल्टर चोंदलाय का हे कोणी झाकण उघडून वाळूकडे बघून ठरवत नाही, दोन गेजमधला फरक वाढला की बॅकवॉश मारायचा, संपलं. एफएफआर हेच करतं, बारीक वायरच्या टोकाजवळ सेन्सर असतो, ब्लॉकच्या पुढचं प्रेशर भागिले अलीकडचं प्रेशर. एक आलं म्हणजे काहीच अडत नाहीये, ०.८० किंवा खाली आलं म्हणजे स्टेंटचा विचार करा, वर असेल तर गोळ्या. पण खरी मेख पुढे आहे. प्लॉटचे सगळे व्हॉल्व्ह बंद असले तर फिल्टर कितीही चोंदलेला असू दे, दोन्ही गेज सारखंच दाखवणार. फरक दिसतो तो पाणी जोरात वाहायला लागल्यावर. हृदयाचंही तसंच, लान्स गूल्ड या हृदयतज्ज्ञांनी १९७४ साली कुत्र्यांवर दाखवलं होतं की आराम चालू असताना आर्टरी साधारण ८५ टक्के बारीक होईपर्यंत रक्त पुरतं, पण जोर आला की ३० ते ४५ टक्क्यांपासूनच कमी पडायला लागतं. म्हणून मोजताना ॲडिनोसिन नावाचं औषध देऊन खालच्या बारीक वाहिन्या पूर्ण उघडतात, मग रिडिंग घेतात. आणि म्हणूनच दिसायला सारखा ब्लॉक छोट्या फांदीत असला तर फारसा त्रास देत नाही आणि एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य आर्टरीत, असला तर देतो, कारण एलएडीच्या पुढे भिजवायला मोठा प्लॉट आहे.

माझ्या बाबतीत तेच झालं. रिपोर्टवर एलएडीला ६० आणि मागच्या बाजूच्या ओएम फांदीला ७५ होतं, सगळ्यांचं बोट ओएमकडे, पहिलं इस्टिमेट पण त्याच स्टेंटचं. वायर टाकली तर ओएम ०.८७ आणि एलएडी, जिच्याकडे कोणी बघतही नव्हतं, ती ०.७४. लांबट ब्लॉक होता, दिसायला सौम्य. शेवटी स्टेंट एलएडीत बसला आणि ओएम गोळ्यांवर आहे. एफएफआर म्हणजे स्टेंट टाळायची युक्ती असं काही लोकांना वाटतं, तसं नाही, ते कधीकधी जागा बदलून देतं. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर आता मधे थांबावं लागत नाही, पण त्याचं श्रेय स्टेंटला किती, गोळ्यांना किती आणि ‘आता झालं बाबा एकदाचं’ या भावनेला किती ते मी सांगू शकत नाही. २०१७ च्या ऑर्बिटा अभ्यासात नुसतं स्टेंट टाकल्याचं नाटक केलेले पेशंटही चालायच्या टेस्टमध्ये फार मागे पडले नव्हते, तेव्हा माझ्या पायऱ्या पुरावा म्हणून धरू नका.

पुरावाच हवा असेल तर फेम नावाचा अभ्यास बघा, २००९, अमेरिका-युरोपातले १००५ पेशंट, सगळ्यांना एकापेक्षा जास्त आर्टरीत ब्लॉक. अर्ध्यांना दिसलं तिथे स्टेंट, अर्ध्यांना फक्त ०.८० किंवा खाली आलं तिथे. पहिल्या गटात सरासरी २.७ स्टेंट लागले, दुसऱ्यात १.९, आणि वर्षभरात मृत्यू, अटॅक किंवा परत प्रोसिजर यातलं काहीतरी झालेले पहिल्यात १८.३ टक्के, दुसऱ्यात १३.२. मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटलं ते नंतरचं विश्लेषण: दिसायला ५० ते ७० टक्के असलेल्या ब्लॉकपैकी खरोखर अडवणारे फक्त ३५ टक्के निघाले. आणि ७१ ते ९० वाल्यांतही पाचातला एक निर्दोष. ज्यांचं रिडिंग चांगलं म्हणून काहीच केलं नाही अशांना डेफर अभ्यासात १५ वर्षं बघितलंय, काही न केल्यामुळे त्यांचं वाकडं झालं नाही, उलट तसेच ब्लॉक उघडून घेतलेल्यांपेक्षा अटॅक कमीच आले.

वायरच्या बाजूचे त्रास पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. ॲडिनोसिन चालू असताना छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं, श्वास जड होतो, अंग गरम होतं, एखाद-दोन मिनिटांत जातं पण आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. दमा असेल तर आधीच सांगा. याला पर्याय आयएफआर, तेही वायरनेच पण हृदय आरामात असताना मोजतात, त्यात हे औषध लागत नाही, कट-ऑफ ०.८९, आणि २०१७ च्या दोन मोठ्या अभ्यासांत ते एफएफआरच्या तोडीस तोड ठरलं. दुसरं म्हणजे ०.७९ आलं की पंचाईत, मोजूनही उत्तर काठावरच, शेवटी परत डॉक्टरांचा अंदाज आणि तुमची लक्षणं. तिसरं, तिन्ही आर्टरीत मोठे ब्लॉक असतील तर वायरने मोजून स्टेंट टाकणं बायपासची बरोबरी करू शकलं नाही, फेम ३ या अभ्यासाच्या वर्षभराच्या निकालात तसंच आलं, तेव्हा तिथे सर्जनचं ऐकलेलं बरं.

खर्चाचं म्हणाल तर स्टेंटच्या किमतीला सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये, पण प्रेशर वायर त्यात बसत नाही आणि ती बिलात वेगळी दिसते. एक स्टेंट वाचला तर हिशोब जमतो, नाही वाचला तर जास्तीचे गेले. तरी माझ्यापुरतं विचाराल तर ५० ते ८० च्या मधलं काहीही असेल, तब्येत स्थिर असेल, तर मी परत वायरच म्हणेन, निदान एकच आकडा येतो आणि तो पुण्याला पाठवला तरी बदलत नाही.

फक्त हे टेबलावर झोपायच्या आधी बोलून घ्या. अँजिओ करता करताच ‘ब्लॉक आहे, टाकून घेऊ का’ असं बाहेर बसलेल्या बायकोला किंवा मुलाला विचारलं जातं आणि ते हो म्हणतात, दुसरं काय म्हणणार. वायर त्यांच्याकडे आहे का, नसेल तर मागवायला किती वेळ, आणि टीपीएकडे, म्हणजे मेडिक्लेमची मंजुरी बघणाऱ्या कंपनीकडे, पाठवायच्या इस्टिमेटमध्ये ती लिहिलीये का, हे आदल्या दिवशी विचारा. माझ्या पहिल्या इस्टिमेटमध्ये नव्हती, मी म्हटल्यावर पेनने खाली लिहून दिली आणि मग मंजुरीला एक दिवस जास्त गेला.