रात्रीच बंद पडणारा कॅमेरा

आई-बाबा चिपळूणजवळच्या घरी दोघंच असतात, म्हणून गणपतीत गेलो तेव्हा अंगणात आणि गोठ्यापाशी दोन कॅमेरे बसवले. एरवी इन्फ्रारेडवर काळं-पांढरं दाखवणारे, माणूस आला की पांढरा दिवा लावून रंगीत चित्र देणारे.

दिवसा चित्र सुरेख. पण अंधार पडला की गोठ्याकडचा कॅमेरा सारखा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. दुकानदाराने बिनतक्रार बदलून दिला, तरी तेच. शेवटी मल्टिमीटर लावला. अ‍ॅडॅप्टरपाशी १२ व्होल्ट, आणि ३० मीटर बारीक वायरच्या टोकाला रात्री जेमतेम ९! अंधारात कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागले की करंट वाढतो आणि व्होल्टेज वाटेतच पडतं. कॅमेरा बिचारा निर्दोष होता.

मग पीओई स्विच आणला. एकाच लॅन केबलमधून वीजही जाते, चित्रही येतं, आणि १०० मीटरपर्यंत चालतं. केबल मात्र अस्सल तांब्याची घ्या, मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. स्विच, रेकॉर्डर, राउटर तिन्ही इन्व्हर्टरवर टाकलेत, कारण आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

एक त्रास उरलाच. पांढऱ्या दिव्यावर पाखरं येतात, त्यांच्यामागे कोळी, आणि काचेपुढचं जाळं इन्फ्रारेडमध्ये पांढरंफेक चमकतं. अंगणातला पांढरा दिवा मी बंदच ठेवलाय. बाबा दर रविवारी कुंच्याने जाळं काढतात.

परवा रात्री दोन वाजता गाय सुटलेली मला पुण्यात बसून दिसली. फोन केला, बाबांनी तिला बांधली.