‘फास्ट अँड फ्युरियस’: गल्ला बघून निवडायचा की रेस बघून?

उन्हाळ्यात रात्री गच्चीवर चादर ताणायची, भाड्याचा प्रोजेक्टर लावायचा, दहा-बारा पोट्टे जमवायचे आणि गाड्यांचा एकच पिक्चर दाखवायचा असा बेत असेल, तर वाद ठरलेलाच. एक म्हणेल ‘फास्ट अँड फ्युरियस’ या हॉलिवूड मालिकेतला पहिला, दुसरा म्हणेल सातवा, आणि दोघंही मोबाईलवर कमाईचा आकडा काढून समोरच्याच्या नाकासमोर धरतील. तिसऱ्या भागाचं, ‘टोकियो ड्रिफ्ट’चं, नाव सहसा कोणी काढत नाही, कारण आकड्यात तो मार खातो. माझं मत नेमकं त्याच्याच बाजूनं आहे, पण आधी आकडेच घेऊ.

पहिला भाग जून २००१ चा. खर्च ३.८ कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री सुमारे २०.७ कोटी डॉलर. तिसरा, म्हणजे ‘टोकियो ड्रिफ्ट’, २००६ चा. खर्च ८.५ कोटी आणि विक्री जेमतेम १५.९ कोटी, अख्ख्या मालिकेत सगळ्यात कमी. सातवा, ‘फ्युरियस ७’, २०१५ चा. खर्च १९ कोटी, विक्री सुमारे १५१ कोटी डॉलर. यातला एकही आकडा थेट निर्मात्याच्या खिशात जात नाही. अमेरिकेत साधारण निम्मे पैसे थिएटरवाल्याचे, आणि चीनमध्ये तर परदेशी कंपनीच्या हाती तिकिटाचा चौथा हिस्साच पडतो. जाहिरातीचा खर्च आणखी वेगळा. नागपूरकराला हे समजवावं लागू नये. सिनेमाच्या धंद्यात आपण सीपी बेरार सर्किटमध्ये, म्हणजे त्या नावाच्या वितरण विभागात येतो, आणि तिथला वितरक ग्रॉस (एकूण तिकीटविक्री) ऐकून खूश होत नाही, ‘शेअर (आपला वाटा) किती आला’ असंच विचारतो.

या हिशेबानं पहिला भाग खर्चाच्या पाचपट धंदा करून गेला, सातवा जवळपास आठपट. ‘टोकियो ड्रिफ्ट’ दुपटीलाही पोचला नाही, म्हणजे निव्वळ तिकीटबारीवर तो तोट्यातच. आणि मोठ्या आकड्याला भुलायचं नसेल तर दहावा भाग बघा. २०२३ मध्ये त्यानं ७० कोटी डॉलरचा गल्ला जमवला, पण बनवायलाच ३४ कोटींच्या आसपास लागले होते. गल्ला पहिल्याच्या तिप्पट, आणि तरी धंद्यात पहिलाच सरस.

आता पडद्यावर काय आहे ते. ‘टोकियो ड्रिफ्ट’ आपटला त्याची कारणं उघड आहेत. मालिकेच्या दोन मुख्य नटांपैकी पॉल वॉकर नाही, विन डिझेल शेवटी क्षणभर दिसतो, नायक नवा आणि कथा थेट जपानात. अमेरिकेत आधीच्या भागानं १२.७ कोटी मिळवले होते, हा ६.२ कोटींवर थांबला. पण तीनही पिक्चरमध्ये खऱ्या अर्थानं रेसिंगचा असा हा एकच. भांडण सुरू होतं रेसनं आणि मिटतंही रेसनंच. बहुमजली पार्किंगच्या चढावर, अंगाला अंग घासेल इतक्या जागेत गाडी आडवी घसरवत नेणं आणि शेवटी डोंगरातल्या वळणांचा उतार, हे बघताना चालवणाऱ्याचं कसब कळतं. मागच्या टायरची पकड मुद्दाम सोडवायची आणि स्टिअरिंग उलट्या दिशेला फिरवून गाडी सांभाळायची, असा तो ड्रिफ्टचा खेळ. जपानमध्ये ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखला जाणारा केइची त्सुचिया या चित्रपटाच्या कामात होता, आणि मासेमाऱ्याच्या छोट्या भूमिकेत दिसतोही. (आपल्या घरच्या हॅचबॅकची ताकद पुढच्या चाकांवर असते, त्यामुळे फुटाळा तलावावर कोणी हा प्रयोग केला तर हाती टायरचं बिल आणि चलान एवढंच येईल.) कथा पातळ आहे, नायक ठोकळा आहे. हान हे पात्र मात्र सगळ्यांना आवडतं. दिग्दर्शक जस्टिन लिननं पुढचे तीन भाग केले आणि मालिका त्यातूनच सावरली.

‘फ्युरियस ७’ च्या आकड्यामागे वेगळीच गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये, चित्रीकरण अर्ध्यावर असताना पॉल वॉकर अपघातात गेला. उरलेली दृश्यं त्याच्या दोन भावांना उभं करून आणि संगणकाच्या मदतीनं पुरी झाली, प्रदर्शन पुढे ढकललं गेलं. लोक त्याला निरोप द्यायला थिएटरात गेले. १७ दिवसांत १०० कोटी डॉलर झाले, आणि चीनमध्ये अमेरिकेपेक्षा जास्त विक्री झाली. भारतातही कमाई १०० कोटी रुपयांच्या पुढे गेली, त्यात हिंदी डबिंगचा वाटा मोठा. आपला अली फझल छोट्या भूमिकेत आहे. पण रेस? सुरुवातीला ‘रेस वॉर्स’ या शर्यतींच्या मेळ्याचा एक तुकडा, बस्स. नंतर विमानातून खाली सोडलेल्या गाड्या, अबुधाबीत एका टॉवरमधून दुसऱ्यात उडणारी गाडी, ड्रोन आणि मारामारी. रेस बघायला आलेलं पोट्टं तासाभरात विचारणारच, ‘काऊन बे, रेस कधी होते?’

पहिल्याबद्दल थोडक्यात. लॉस एंजेलिसचे रस्ते, सरळ रेषेतली पाव मैलाची शर्यत, इंजिनाला जादा जोर देणारी नायट्रसची बाटली, गुन्हेगारांत मिसळलेला पोलीस. कथा तिघांत सगळ्यात नेटकी. इंजिनाच्या आत शिरणारी संगणकी दृश्यं आज जुनाट वाटतात.

मालिकेबाहेरचा पर्याय हवा असेल तर २०१४ चा ‘नीड फॉर स्पीड’. ६.६ कोटी खर्च, २० कोटींच्या वर विक्री, पण त्यातले अमेरिकेत फक्त ४.४ कोटी. संगणकापेक्षा खऱ्या गाड्यांवर भर आहे, लांबी मात्र अंगावर येते.

तर गाडीवेडी मंडळी असतील तर ‘टोकियो ड्रिफ्ट’. घरची मंडळी, काकू-मावशी, लहान मुलं असा गोतावळा असेल तर ‘फ्युरियस ७’ हिंदीत लावा, शेवटची पाच मिनिटं कोणी जागचं हलणार नाही. मालिकेतलं काहीच पाहिलेलं नसेल तर पहिला. दोन बघण्याइतकी रात्र हाताशी असेल तर आधी तिसरा आणि मग सातवा, कारण सातव्याच्या सुरुवातीला कथा पुन्हा टोकियोत येते आणि हानचं काय झालं ते ठाऊक असलं तरच डॉमिनिक (विन डिझेल) एवढा का पेटलाय ते कळतं.