दुसरा व्हेंडर की अर्धतयार साठा?

संरक्षण उत्पादनात मागणी अचानक दुप्पट झाली की साखळी कुठे अडते, हे या क्षेत्रातल्यांना सांगायला नको. मशीन शॉप एक शिफ्ट वाढवून वेळ निभावतं. अडतं ते फोर्जिंग (तापवलेला धातू ठोकून आकार देणं), कास्टिंग (ओतकाम) आणि स्पेशल प्रोसेस (हीट ट्रीटमेंट, प्लेटिंगसारखी कामं, ज्यांचा दर्जा नुसत्या अंतिम तपासणीत कळत नाही) यांच्यापाशी. तिथे चपळता आणायची तर दोनच मार्ग खऱ्या अर्थाने हातात असतात. एक, तोच भाग बनवणारा दुसरा मंजूर व्हेंडर उभा करणं. दोन, व्हेंडर एकच ठेवून भाग अर्धतयार अवस्थेत आधीच बनवून ठेवणं. पोलादाच्या फोर्ज्ड भागांसाठी मी दुसरा मार्ग धरला आहे. प्रत्येक ठिकाणी तोच बरोबर ठरेल असं नाही, पण कारणं मांडतो.

दुसरा व्हेंडर कागदावर फार देखणा दिसतो. भांडवल अडकत नाही, दरात घासाघीस करता येते, एकाकडे संप झाला तर दुसरा आहेच. अडचण अशी की मंजुरी नुसत्या कंपनीला मिळत नाही. ती त्या भागाला, त्या ड्रॉइंगला आणि ठरलेल्या प्रक्रियाक्रमाला मिळते. एएस ९१०२ या एरोस्पेस मानकानुसार उत्पादनात दोन वर्षांचा खंड पडला की त्या खंडाचा परिणाम होऊ शकेल अशी सगळी वैशिष्ट्यं फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे पहिल्या नगाच्या सविस्तर तपासणीत, पुन्हा सिद्ध करावी लागतात. शांततेच्या काळात मागणी इतकी थोडी असते की सगळी ऑर्डर पहिल्याकडेच जाते. दुसऱ्याचं फिक्स्चर (भाग मशीनवर पकडणारा साचा) मागच्या शेडमध्ये पडून राहतं, मशीन लावून देणारा सेटर नोकरी सोडतो, एनडीटी (भाग न तोडता तपासणी) करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपते. मागणी वाढते नेमकी तेव्हाच हा व्हेंडर थंड पडलेला असतो. माझ्या अनुभवात त्याला पुन्हा उभं करायला जवळपास नव्या फोर्जिंगइतकाच वेळ जातो. माझा कौल या एकाच त्रासाने ठरला.

त्यात स्पेशल प्रोसेस म्हणजे खरी मेख. ४० एचआरसी (कठीणपणाचं रॉकवेल माप) किंवा त्याहून कठीण पोलादावर कॅडमियम प्लेटिंग केलं की ४ तासांच्या आत भाग भट्टीत जायला हवा आणि सुमारे १९० अंश सेल्सियसला २३ तास राहायला हवा. दुसऱ्या व्हेंडरकडे प्लेटिंग असतं पण मोकळी भट्टी नसते, किंवा तो काम बाहेर देतो आणि भाग टेम्पोत सहा तास फिरतात. माप बरोबर, रंग बरोबर, त्या दिवशीच्या तपासणीत तडाही नाही. पण प्लेटिंगमध्ये पोलादात शिरलेला आणि भट्टीत वेळेत न घालवलेला हायड्रोजन पुढे भाराखाली भाग फोडू शकतो. भट्टीच्या चार्टवरची वेळ जुळली नाही तर अख्खा लॉट नाकारावा लागतो.

आणि व्हेंडर दोन असले म्हणजे साखळ्याही दोन, असं नसतं. दोघांचं फोर्जिंग एकाच हॅमर शॉपमधून येतंय का, पोलाद एकाच मिलमध्ये वितळतंय का, हे मेल्ट सर्टिफिकेटवर (पोलाद कुठे वितळवलं याच्या दाखल्यावर) पाहावं. बऱ्याचदा तिसऱ्या पायरीवर दोन्ही वाटा एकाच दारात येतात.

आता अर्धतयार साठा. तो कुठल्या टप्प्यावर थांबवायचा यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या मते योग्य टप्पा म्हणजे फोर्जिंग, नॉर्मलायझिंग (तापवून हवेत थंड करणं), रफ मशिनिंग आणि अल्ट्रासॉनिक (आतले दोष ध्वनिलहरींनी शोधणारी तपासणी) झाल्यानंतरचा, पण अंतिम हीट ट्रीटमेंटच्या आधीचा. प्रत्येक बाजूला २ ते ३ मिमी माल राखलेला असावा, म्हणजे वाकणं आणि वरचा डिकार्ब (कार्बन कमी झालेला मऊ) थर दोन्ही काढता येतात. या अवस्थेत आकार साधा असल्याने अल्ट्रासॉनिक नीट होतं आणि सदोष ब्लँक, म्हणजे असा अर्धतयार नग, तेव्हाच बाहेर पडतो. ड्रॉइंगची रिव्हिजन बहुतेक वेळा भोकं, थ्रेड, कोटिंग यांतच येते. ब्लँक त्यातून वाचतो.

हिशोब सोपा आहे. समजा आठवड्याला ५ नग लागतात, गरज १० वर जाऊ शकते आणि नवं फोर्जिंग यायला ४० आठवडे लागतात. वाढीव ५ नगांसाठी २०० ब्लँक हवेत. फिनिशिंगचे ८ आठवडे मात्र कोणी वाचवू शकत नाही. भांडवल अडकतं हे खरं, आणि फायनान्सकडून मंजुरी मिळवताना सर्वात मोठी हुज्जत इथेच होते. पण तयार भागाच्या मानाने ब्लँकमध्ये पैसा बराच कमी गुंततो.

साठा बिघडतो तो हलगर्जीपणाने. प्रत्येक ब्लँकवर हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) ठोकलेला हवा. त्याच हीटचे टेस्ट कूपन (चाचणीसाठी राखलेले तुकडे) त्याच क्रेटमध्ये तारेने बांधलेले हवेत. ते हरवले तर चाचणीसाठी एक चांगला ब्लँक कापावा लागतो. गंजरोधक तेल आणि व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारा) कागद हवाच. सर्वात महत्त्वाचं म्हणजे रोजचं उत्पादन याच साठ्यातून, जुना ब्लँक आधी या क्रमाने उचलायचं आणि नवा माल मागे लावायचा. त्यामुळे साठा पडून राहत नाही आणि फोर्जिंग शॉपही चालू राहतं. डाय (फोर्जिंगचा साचा) आपल्या मालकीची आहे हे करारात लिहून घ्यावं.

साठ्याचा मार्ग कुठे चालत नाही हेही स्पष्ट आहे. उणे १८ अंशाला ठेवलेलं प्रीप्रेगही (रेझिन मुरवलेलं फायबर कापड) साधारण वर्षभरच टिकतं. नायट्राइल रबराचे सील क्युअर तारखेपासून (रबर पक्कं केल्याच्या दिवसापासून) १५ वर्षं चालतात, पण असेम्ब्लीत बसवण्याआधीच त्यातला बराच काळ गोदामात जाऊ द्यायचा का, हा प्रश्न उरतो. स्फोटक आणि ऑक्सिडायझर पदार्थांचा साठा तर स्वतःच धोका असतो. ४ मे १९८८ ला नेवाडातल्या हेंडरसनजवळचा पेपकॉन कंपनीचा अमोनियम परक्लोरेटचा (रॉकेटच्या घन इंधनातला ऑक्सिडायझर) कारखाना स्फोटांत उद्ध्वस्त झाला. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर स्पेस शटल या अंतराळयानाची उड्डाणं थांबली होती, त्यामुळे न उचललेला माल तिथेच साचला होता. अमेरिकेतला दुसरा उत्पादकही त्याच परिसरात होता. अशा मालासाठी दुसरा व्हेंडरच हवा, आणि तोही दूर अंतरावर.

दुसऱ्या व्हेंडरचीच निवड करणार असाल तर त्याला दरवर्षी एकूण मागणीतला किमान २० टक्के वाटा द्यावा, दर थोडा जास्त पडला तरी. ती ऑर्डर प्लेटिंग आणि बेकिंगसकट शेवटपर्यंत त्याच्याच साखळीतून जाऊ द्यावी, नुसत्या मशिनिंगवर थांबवू नये.