विरघळलेल्या प्राणवायूची चाचणीपेटी : संगमावर आणि रेवदंड्याच्या खाडीत वापरून पाहिल्यावर

पुण्यात प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजण्याची पेटी मी १,८०० रुपयांना घेतली. जमिनीच्या वापरामुळे खाडीतून बाहेर पडणारे हरितगृह वायू कसे बदलतात, हे विद्यार्थ्यांना पाण्याच्या काठावर उभे राहून समजावे, एवढाच हेतू होता.

पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. बुडबुडा न ठेवता बाटली काठोकाठ भरायची आणि मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन करताना, म्हणजे ते थेंबथेंब घालून मोजताना, स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, त्यावरून आकडा मिळतो. मार्च महिन्यात मुळा-मुठा संगमाजवळच्या संथ पाण्यात आमचा साका जवळजवळ पांढरा होता. सांडपाण्यातील सेंद्रिय कार्बन कुजवताना जिवाणूंनी प्राणवायू संपवला, की तळाच्या गाळात मिथेन तयार होऊ लागतो, हे सांगायला मला त्या बाटलीखेरीज काहीच लागले नाही.

रेवदंड्याची निवड मी मुद्दाम केली, कारण याच मुळा नदीवरच्या मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणात भिऱ्याला उतरते आणि कुंडलिका नदीतून त्याच खाडीला मिळते. खारबंदिस्तीच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आतल्या गोड्या पाण्याच्या डबक्यात काठी खुपसताच बुडबुडे वर आले, तर बांध फुटून कांदळवन वाढलेल्या बाजूला तसे काही झाले नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते आणि गाळातील कार्बनसाठीच्या स्पर्धेत सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना पुरून उरतात. त्यामुळे खाऱ्या पाण्याची वाट बांध घालून अडवली, की जमिनीचा उपयोग बदलतो आणि त्याबरोबर बाहेर पडणारा वायूही बदलतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा आहे, म्हणून हा फरक किरकोळ मानता येत नाही. कांदळवन तोडून कोलंबीची तळी खणली, तर चिखलात शतकानुशतके साठलेला कार्बन हवेच्या संपर्कात येऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निसटतो, तो भाग वेगळाच.

पेटीचा मोठा दोष खाडीतच उघड झाला. सोबतचा संपृक्ततेचा, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त किती प्राणवायू मावतो याचा, तक्ता केवळ गोड्या पाण्याचा आहे. २५ अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, तर समुद्राचे पाणी सुमारे ६.७. म्हणजे भरतीचे निरोगी पाणीही या तक्त्याप्रमाणे आजारी ठरते, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी तसेच नोंदवले. उत्पादकाने क्षारतेनुसार दुरुस्तीचा एक कागद तरी घालायलाच हवा. आयोडाइडच्या बाटलीचे झाकण गळत होते. दुकानदारांनी ते विनातक्रार बदलून दिले.

ही पेटी हरितगृह वायू मोजत नाही, हे घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. सामू (पीएच), क्षारता आणि अल्कता (आम्ल शमवण्याची पाण्याची क्षमता) एकत्र मोजल्यास पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचा अंदाज गणिताने बांधता येतो, मात्र शेतातील खतांमुळे व सांडपाण्यामुळे वाढणाऱ्या नायट्रस ऑक्साइडसाठी प्रयोगशाळेतील यंत्रच लागते. नदीवर काम करणाऱ्या गटांना आणि शिक्षकांना मी ही पेटी अवश्य सुचवेन. खाडीसाठी घेणाऱ्यांनी सोबत क्षारतामापक घ्यावा आणि भरती व ओहोटी अशा दोन्ही वेळी नमुने घ्यावेत. आमच्या नोंदवहीत एकाच जागेचे दोन आकडे इतके वेगळे आले, की पहिल्या दिवसाचे ओहोटीचे पान आम्हाला पुन्हा लिहावे लागले.