मँकोझेब ७५ टक्के पावडर: करप्यावर खात्रीची, फवारणाऱ्यासाठी जोखमीची

टोमॅटोवरील करपा या बुरशीजन्य रोगासाठी मी पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डाजवळील एका कृषी सेवा केंद्रातून मँकोझेब ७५ टक्के पावडर नियमितपणे घेतो. बुरशीनाशक म्हणून तिच्याविषयी माझी तक्रार नाही. बुरशीच्या पेशीत ती एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते, त्यामुळे १९६० च्या दशकापासून वापरात असूनही बुरशी तिला सहजासहजी सरावलेली नाही. मात्र ती रोग दिसण्याआधी फवारावी लागते आणि जोराचा पाऊस झाला की पुन्हा, म्हणजेच हंगामात फवारण्यांची संख्या वाढते. पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पुडीवर हिरवा त्रिकोण असतो. तो दाखवून दुकानदार ‘सौम्य औषध आहे’ असे सांगतात आणि मजूरही तसेच धरून चालतात. वास्तविक कीटकनाशक नियम, १९७१ नुसार हे रंग तीव्र विषारीपणावरून ठरतात, म्हणजे एकदाच शरीरात गेलेली किती मात्रा जिवावर बेतू शकते एवढेच ते सांगतात. हंगामभर तेच औषध थोडे थोडे नाकातून व कातडीतून जात राहिले तर काय होते, याचे उत्तर त्या त्रिकोणात नाही. मँकोझेबचे विघटन होताना, आणि शरीरातही, इथिलिन थायोयुरिया हा पदार्थ तयार होतो. तो थायरॉईड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे थायरॉईडच्या गाठी व गर्भातील व्यंगे आढळली आहेत. युरोपीय संघाने मँकोझेबला प्रजननास घातक मानले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या परवानगीचे नूतनीकरण नाकारले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या केंद्र सरकारने बंदीसाठी ज्या २७ कीडनाशकांचा मसुदा काढला, त्यातही त्याचे नाव होते.

सर्वाधिक धोका पावडर पाण्यात कालवताना असतो. अर्धा किलोची पुडी कापून बादलीत ओतली की पिवळसर धुरळा वर येतो, कोपरापर्यंत बसतो आणि घामाने भिजून मनगटाच्या वळ्यांत चिकटून राहतो. नाकाला बांधलेले उपरणे इतकी बारीक धूळ अडवत नाही. आमच्याकडे फवारणी करणाऱ्या एका गड्याच्या मनगटांवर आणि मानेवर हंगामात लाल पुरळ उठते व खाज सुटते. मँकोझेबमुळे त्वचेला अशी ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की नंतर थोडासा संपर्कही पुरतो. बांधणी-तोडणीला येणाऱ्या बायकांचे हात तर फवारलेल्या पानांतच असतात, आणि त्यांना हातमोजे द्यावेत हे क्वचितच कुणाच्या मनात येते.

पुडीतील माहितीपत्रक भिंगाशिवाय वाचता येत नाही. त्यात ‘संरक्षक कपडे वापरा’ एवढेच आहे; मास्क कोणता, हातमोजे कशाचे, याविषयी एक ओळही नाही. कंपनीची ही उणीव मला गंभीर वाटते.

करप्यावरील परिणामासाठी मी या पावडरीला पाचपैकी चार गुण देईन, वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी एकच. मँकोझेबच घ्यायचे असेल तर पावडरीऐवजी दाणेदार, म्हणजे ७५ टक्के डब्ल्यूजी मागावे, कारण ओतताना त्याचा धुरळा बराच कमी उडतो. त्यासोबत नायट्राइलचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) लांब हातमोजे आणि एन-९५ मास्क त्याच बिलात घ्यावेत, फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, आणि गरोदर बाईला कालवण्याचे किंवा फवारलेल्या रानातले काम देऊ नये.