पीसीआयई ३.० की ४.०?
ऐरोलीचा भाचा गेल्या रविवारी जुना पीसी उघडून बसला होता. "मामा, ग्राफिक्स कार्डावर पीसीआयई ४.० लिहिलंय, मदरबोर्ड ३.० चा. बसेल का?"

बसेल. पीसीआयई म्हणजे बोर्ड आणि त्यात खुपसलेलं कार्ड यांच्यातला डेटाचा रस्ता. त्याचं एवढं बरं आहे: खाच तीच, आणि जुनं-नवं एकत्र आलं की दोघं हळू असेल त्याच्या चालीने चालतात.

फरक वेगाचा. २०१० च्या ३.० मध्ये एका लेनमधून (या रस्त्याची एक पट्टी) सेकंदाला साधारण १ जीबी जातं, २०१७ च्या ४.० मध्ये दुप्पट. सोळा लेनच्या कार्डाला ३.० पुरून उरतं. गेम खेळताना फरक सहसा कळतही नाही. खरी गोची स्वस्त कार्डांची. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड दिसायला लांब, पण लेन चारच. ४.० वर सेकंदाला जेमतेम ८ जीबी, ३.० वर त्याच्या निम्मे. त्यात कार्डाची मेमरी ४ जीबीची. ती भरली की उरलेला डेटा याच अरुंद रस्त्याने ये-जा करतो आणि गेम अडखळतो. भाच्याने नेमकं हेच आणलं होतं! जुन्या बोर्डावर आठ किंवा सोळा लेनचंच कार्ड घ्यावं.

पीसीआयईवर चालणारी एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) ३.० वर सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास, ४.० वर सात हजारांपर्यंत. विंडोज सुरू होताना मात्र घड्याळ लावूनही फारसं काही हाती लागत नाही. नवा बोर्ड घेणार असाल तर ४.० घ्याच, निव्वळ एसएसडीसाठी जुना बदलू नका.

आणि खालचा लांब स्लॉट फसवा असतो. मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा: सोनेरी पिना थोड्याच अंतरावर संपल्या, तर तो बहुधा चार लेनचाच. आम्ही कार्ड आधी तिथेच खुपसलं होतं.