'स्पार्टाकस' पाहायला घेताय? क्रम चुकवू नका, आणि पाचव्या भागापर्यंत थांबा

रोमविरुद्ध बंड करणाऱ्या गुलाम योद्ध्याची, म्हणजे ग्लॅडिएटर स्पार्टाकसची, कथा सांगणारी 'स्पार्टाकस' ही स्टार्झ या अमेरिकी वाहिनीची मालिका 2010 ते 2013 या काळात आली. 'ब्लड अँड सँड'चे 13 भाग, 'गॉड्स ऑफ द अरीना'चे 6, 'व्हेन्जन्स'चे 10 आणि 'वॉर ऑफ द डॅम्ड'चे 10, असे एकूण 39. एक भाग साधारण पाऊण ते एक तासाचा, म्हणजे पाच-सहा शनिवार-रविवार धरून चाला.

जुने चाहते नव्या प्रेक्षकाला पहिली सूचना देतात ती हीच, की चौथा भाग होईपर्यंत मत बनवू नका. ती रास्त आहे. सुरुवातीच्या भागांत मागचं आभाळ, डोंगर, रणांगण सगळं संगणकावर रंगवलेलं आहे आणि ते दिसून येतं. चित्रीकरण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या स्टुडिओत झालं. तलवारीचा घाव बसला की चित्र संथ होतं आणि रक्ताचा लाल फवारा थेट पडद्यावर येतो. त्यामुळे पहिल्याच भागात ही नुसती कापाकापी आहे असं वाटून माणूस उठतो.

पाचव्या भागात थिओकोलीस नावाच्या अजिंक्य योद्ध्याशी स्पार्टाकस आणि त्याच्याच आखाड्यातला प्रतिस्पर्धी क्रिक्सस एकत्र लढतात. तिथून मालिका खऱ्या अर्थाने सुरू होते. लढत उत्तम आहे, पण खरं कारण वेगळं आहे. तोपर्यंत आखाड्याचा आणि या ग्लॅडिएटरांचा मालक बॅटायटस याच्या घराचा हिशेब आपल्या लक्षात आलेला असतो. इटलीतल्या कापुआ शहरात दुष्काळ, डोक्यावर कर्ज, सावकारांचा तगादा, आणि मालकाला राजकारणात वर चढण्याची घाई. या घरात माणूस म्हणजे मालमत्ता. कुणाला विकायचं, कुणाला पाहुण्यांच्या करमणुकीसाठी पाठवायचं, कुणाला मरू द्यायचं, हे सगळं नफ्या-तोट्यावर ठरतं. जॉन हॅना आणि ल्युसी लॉलेस यांनी बॅटायटस आणि ल्युक्रीशिया हे जोडपं असं उभं केलंय की त्यांचं एकमेकांवरचं प्रेम खरं वाटतं, आणि म्हणूनच त्यांची क्रूरता अंगावर येते. दहाव्या भागात एका रोमन पोराच्या हट्टापायी स्पार्टाकसचा मित्र व्हॅरो याचं जे होतं, ते पाहिल्यावर तेराव्या भागातलं बंड का झालं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता क्रमाचा वाद. 'गॉड्स ऑफ द अरीना' ही पूर्वकथा, म्हणून ती आधी पाहावी असं काही जण सांगतात. तसं करू नका. तिच्या सुरुवातीलाच पहिल्या पर्वाच्या शेवटची कत्तल दाखवली आहे, म्हणजे तेरा भागांची सगळी उत्कंठा तिथेच संपते. उलट तिला वगळून थेट 'व्हेन्जन्स'ला गेलात तर गॅनिकस कोण, आणि आखाड्याचा प्रशिक्षक इनोमाउसला त्याचं तोंड पाहणं का नको असतं, हे समजणार नाही. प्रदर्शनाचा क्रम हाच योग्य क्रम. डिसेंबर 2025 मध्ये आलेली 'हाऊस ऑफ अशुर' मात्र सगळ्यात शेवटी. मूळ कथेत मेलेला अशुर, बॅटायटसचा कपटी हस्तक, जगला असता तर, या कल्पनेवर ती उभी आहे.

पूर्वकथा निघाली त्यामागे दुःखाचं कारण आहे. पहिल्या पर्वात स्पार्टाकस झालेल्या अँडी व्हिटफील्डला 2010 मध्ये कर्करोगाचं निदान झालं. त्याच्या उपचारांना वेळ मिळावा म्हणून निर्मात्यांनी त्याच्याशिवाय होईल अशी सहा भागांची कथा मध्ये घेतली. 11 सप्टेंबर 2011 रोजी तो गेला. पुढची दोन पर्वं लियम मॅकिन्टायरने केली. त्याला स्वीकारायला चाहत्यांना वेळ लागला, आणि 'व्हेन्जन्स'च्या सुरुवातीला तो खरंच दबलेला वाटतो. पण त्याचा स्पार्टाकस हा वेगळ्या कामाचा माणूस आहे. व्हिटफील्डने बायकोसाठी तळमळणारा नवरा केला, मॅकिन्टायरला हजारोंच्या जमावाला धान्य, शिस्त आणि दिशा देणारा सेनापती करायचा होता. शेवटच्या पर्वात तो ते पूर्ण ताकदीने करतो. क्रिक्ससची प्रेयसी नेव्हिया हिच्या भूमिकेत अभिनेत्री बदलली, तो बदल मात्र तितका पचत नाही. दोष अभिनेत्रीचा नाही, लेखनाने तिला संताप सोडून फारसं काही दिलेलंच नाही.

भाषेबद्दल थोडं. संवाद इंग्रजीत आहेत, पण 'अ' आणि 'द' ही उपपदं जागोजागी गाळलेली आणि शब्दांचा क्रम उलटा-पालटा. 'थँक यू'च्या जागी नुसतं 'ग्रॅटिट्यूड'. लॅटिनला उपपदं नाहीत, तो बाज आणण्यासाठी हे केलंय. उपपदं मराठीलाही नाहीत, त्यामुळे हे बोलणं आपल्या कानाला इंग्रज प्रेक्षकाइतकं खटकत नसावं. तरी सबटायटल सुरूच ठेवा. बॅटायटसच्या लांबलचक शिव्यांतली कारागिरी त्याशिवाय हाती लागत नाही.

इतिहासाकडे येण्याआधी सूचना: यापुढे कथेचे तपशील उघड होतात.

बंड इ.स.पू. 73 मध्ये कापुआतल्या लेंट्युलस बॅटायटसच्या आखाड्यातून झालं. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, 78 जण निसटले, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया घेऊन. व्हेसुव्हियस डोंगरावर रोमन अधिकारी ग्लेबरच्या 3,000 सैनिकांनी एकमेव वाट अडवली, तेव्हा रानवेलींच्या शिड्या विणून ते कड्यावरून उतरले. शेवटचा माणूस वर थांबला, त्याने हत्यारं खाली सोडली आणि मग स्वतः उतरला. मालिकेत मोजके चारच वीर उतरतात. नाट्य म्हणून ते चालतं, पण मूळ हकीकत सगळ्या टोळीच्या कष्टाची आहे, ती दाखवली असती तर बरं झालं असतं. ग्लेबर तिथे मेला याला आधार नाही. मालिकेतल्या बायकोचं सूरा हे नावही कल्पित. स्पार्टाकसची बायको त्याच्याच जमातीची आणि भविष्य सांगणारी होती एवढंच प्लुटार्क नोंदवतो.

शेवटचं पर्व मात्र इतिहासाला कसून धरून आहे. बंड मोडायला आलेला रोमन सेनापती क्रॅसस याने पळपुट्या तुकडीतल्या दहातल्या एकाला साथीदारांकरवी ठार मारलं, ते आहे. समुद्री चाच्यांनी दिलेला दगा आहे. इटलीच्या टोकाला खणलेला खंदक हिमवादळात ओलांडताना बंडखोर तो प्रेतांनी भरतात, हे अतिरंजित वाटेल. पण प्राचीन रोमन लेखक फ्रॉन्टिनसच्या नोंदीत खंदक भरायला कैद्यांची आणि गुरांची प्रेतंच वापरली आहेत. क्रिक्ससच्या मृत्यूनंतर रोमन कैद्यांना झुंजवण्याचा प्रसंगही निव्वळ कल्पनेतला नाही. त्याच्या स्मरणार्थ 300 रोमन कैदी बळी दिल्याचं प्राचीन इतिहासकार अ‍ॅपियन लिहितो, आणि कैद्यांना ग्लॅडिएटरसारखं लढवल्याच्या नोंदीही आहेत. सुटतं ते सीझरच्या बाबतीत. तो या मोहिमेत होता अशी नोंद नाही, आणि क्रॅससचा मुलगा टायबेरियस ही लेखकांची निर्मिती.

चाहत्यांची एक तक्रार पूर्ण पटते. दहा भाग कमी पडले. क्रिक्ससची वेगळी झालेली फौज रोमच्या दिशेने किती झपाट्याने पुढे सरकली ते काही मिनिटांत आटोपलंय, आणि तिथे एक-दोन भाग सहज हवे होते. एगरॉन आणि नासिर या दोन बंडखोरांच्या प्रेमाला मात्र लेखकांनी घाई न करता जागा दिली. इतक्या मरणांतून ही जोडी तगली याचा आनंद आजही लोक भरभरून व्यक्त करतात, आणि तो योग्यच आहे.

नग्नता, लैंगिक अत्याचार आणि हिंसा या तिन्ही गोष्टी सातत्याने आहेत, पूर्वकथेतला डियोना या दासीचा धागा तर फार जड जातो. दिवाणखान्यात सगळ्यांसोबत लावायची ही मालिका नव्हे.

अ‍ॅपियन म्हणतो, स्पार्टाकसचा देह सापडलाच नाही आणि पकडलेल्या 6,000 जणांना कापुआ ते रोम रस्त्यावर क्रूसावर चढवलं. शेवटचा भाग या दोन्ही वाक्यांना आपापलं उत्तर देतो. तो संपला म्हणून लगेच बंद करू नका. नामावलीत चारही पर्वांतले चेहरे एकामागून एक येतात, आणि सगळ्यात शेवटी अँडी व्हिटफील्ड येतो, स्वतःचं नाव गर्जून सांगत.